पूर्णेचं खोरं, खारं आणि गोडं

अकोटहून अकोल्याला जाणारा रस्ता जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरचा. एसटीने तास-सव्वा तास. एवढ्या अंतरात वऱ्हाडची अर्धी कहाणी डोळ्यांसमोरून जाते, फक्त खिडकीतून विहिरींकडे लक्ष ठेवायला हवं. अकोटच्या पाठीशी सातपुडा एकदम उभा राहिलेला दिसतो. त्याच्या एका सोंडेवर नरनाळ्याचा किल्ला. पायथ्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा, केळी, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पानमळे आणि त्यांच्या सावलीत पानपिंपळी ही औषधी वेल. जवळजवळ प्रत्येक शेतात विहीर नाहीतर बोअर, आणि वीज असेल तेव्हा मोटर चालू. गाडी दक्षिणेला निघते, चोहोट्टा बाजार येतो आणि हिरवा रंग विरळ होत जातो. बागा संपतात. विहिरी दिसतात, पण कठडा ढासळलेल्या, बाभळींनी वेढलेल्या. त्यांतलं पाणी आटलेलं नसतं. हाताला लागेल इतकं वर असतं कधीकधी. ते कोणी उपसत नाही, कारण ते खारं आहे.

पुढे गांधीग्रामला पूर्णा ओलांडायची. इथला इंग्रजांच्या काळातला पूल २०२२ मध्ये तडे गेल्यामुळे वाहतुकीला बंद झाला, तेव्हा या खोऱ्याचे सरळसरळ दोन तुकडे झाल्यासारखं वाटलं होतं. त्याच वर्षी अकोट-अकोला ब्रॉडगेजवरून गाडी सुरू झाली म्हणून लोकांना थोडा तरी आधार मिळाला. नदी ओलांडल्यावरही अकोल्याजवळ येईपर्यंत जमीन तशीच, काळीभोर, सपाट, झाडं थोडी. अकोल्याच्या दक्षिणेला बार्शीटाकळी-पातूरकडे जमीन पुन्हा चढायला लागते, दगड दिसायला लागतो आणि विहिरींचं पाणी गोड होतं.

माझं घर अकोट तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. आजोळ दर्यापूर तालुक्यातलं, ऐन खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं त्या पट्ट्यातलं. माझ्या आईचं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, “पोरगी गोड्या पाण्यात पडली.” हुंडा, शेती, घराणं यांच्या आधी पाण्याची चौकशी व्हायची. अजूनही होते. खारपाणपट्ट्यातल्या पोरांची लग्नं जमवताना आई-बापांच्या नाकी नऊ येतात आणि त्याचं पहिलं कारण कोणीही सांगेल.

या मुलखाविषयी लिहायचं कित्येक वर्षं मनात होतं, कारण तो सरकारदरबारी एकसंध असा कुठेच सापडत नाही. अमरावती जिल्ह्यात त्याचा एक तुकडा, अकोल्यात दुसरा, बुलढाण्यात तिसरा, आणि शेवटचं टोक जळगाव जिल्ह्यात. मेळघाट म्हटलं की लोकांना समजतं. खानदेश, मराठवाडा, कोकण समजतं. पूर्णेचं खोरं म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे नेमकं कुठे? वर मराठवाड्यातही एक पूर्णा आहे, ती गोदावरीला मिळते, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. आमची पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीच्या बाजूला उगवते, सातपुडा उतरून वऱ्हाडात येते आणि पश्चिमेला वाहत जाऊन मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. ही उलटी जाते.

ती उलटी का जाते आणि तिच्या खोऱ्यातलं पाणी खारं का आहे, या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. फार प्राचीन काळी इथला दगड खचला. उत्तरेला गाविलगडची भ्रंशरेषा आहे, तिच्या वरच्या अंगाला सातपुडा उचलला गेला आणि खालच्या अंगाला लांबच लांब खोलगट पट्टा तयार झाला. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा. मधल्या खोलगट भागात सातपुड्यातून आणि अजिंठ्यातून येणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काही हात खणलं की काळा पाषाण लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात मधोमध खणत राहा, शेकडो मीटर माती, चिकणमाती आणि वाळूचे थरच लागत राहतात. आमच्या आजोळी लहान मुलांना भिरकावायला दगड सापडायचा नाही. घरं मातीची, भिंती मातीच्या, वर मातीचं धाबं. पाटा-वरवंटा, जातं, देवळाचा उंबरा, दगडाची म्हणून जी काही वस्तू असेल ती बाहेरून बैलगाडीने आलेली. पावसाळ्यात रस्त्यांचे जे हाल होतात त्याचंही कारण तेच, टाकायला मुरूम-खडीच जवळपास नाही.

सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी नद्यांनी मोठे गोटे आणि जाड वाळू टाकली. तिथे पाणी झिरपतं, जमिनीत खेळतं राहतं, म्हणून गोड. मध्यावर येता येता गाळ बारीक होत जातो आणि नुसती चिकणमाती उरते. तिच्यातून पाणी हलत नाही, जमिनीला उतार नावापुरता, वर वैशाखाचं ऊन. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चालू आहे. आजोळी सगळे ठामपणे सांगायचे की इथे आधी समुद्र होता. अजूनही सांगतात. समुद्राचा पुरावा मात्र अभ्यासकांना मिळत नाही. त्यांचा भर या बंदिस्त खोऱ्यातल्या बाष्पीभवनावर आणि अडून राहिलेल्या पाण्यावर आहे. मला स्वतःला हे जास्त पटतं, कारण समुद्र म्हटला की तो कधीतरी येऊन गेलेला पाहुणा होतो. खोऱ्याची घडणच अशी असेल, तर हे मीठ इथलंच आहे.

आता मामीच्या स्वयंपाकघरात येऊ. कारण भूगोल काय असतो ते मला तिथे कळलं. तिच्याकडे पाणी तीन प्रकारचं असायचं आणि तिन्हींच्या जागा ठरलेल्या. अंगणात सिमेंटचा हौद, त्यात विहिरीचं खारं पाणी, ते भांडी-कपड्यांना, गुरांना, सडा घालायला. ओट्याच्या कोपऱ्यात पितळी गुंड, त्यातलं पाणी वरणाला आणि भाताला. आणि दाराआडच्या तिवईवर माठ, तो फक्त प्यायला. मी लहानपणी एकदा तुरीच्या डाळीच्या पातेल्यात हौदातलं तांब्याभर पाणी ओतलं. मामीने पातेलं उतरवलं, डाळ उपसून घेतली, पाणी गुरांच्या टोपल्यात टाकलं आणि मग सांगितलं, “बापू, डाळीले थे पाणी नोको टाकू. दिवसभर जाळ लावला तरी दाना फुटत नाई.” खाऱ्या पाण्यात चहा केला तर दूध नासतं. साबण लावला तर फेस येत नाही, नुसता चिकटा होतो. भांडं पालथं घातलं की सकाळी त्याच्यावर पांढरी खपली. पांढरं धोतर दोन-चार धुण्यांत करडं पडायचं आणि कडक व्हायचं. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली घरातली झाडून सगळी भांडी मांडली जायची, परातीसुद्धा, आणि त्या पाण्याने बायका केस धुवायच्या. केस धुणं हा घरातला सोहळाच असायचा.

प्यायचं पाणी कुठून यायचं? नदीच्या झिऱ्यांतून. उन्हाळ्यात पूर्णेची धार बारीक झाली की बायका वाळूत हातभर खोल खड्डा उकरत. त्याच्या तळाला पाणी पाझरायला लागे. पहिलं पाणी गढूळ, ते वाटीने उपसून बाजूला टाकायचं. मग थांबायचं. पुन्हा वाटीभर जमलं की फडक्यातून घागरीत. एक घागर भरायला किती वेळ लागेल ते झिऱ्याच्या मर्जीवर. एका झिऱ्याभोवती चार-पाच बायका बसलेल्या असत आणि गावातली सगळी खबरबात तिथे ठरे. हे पाणी मी प्यायलो आहे. थंडगार आणि किंचित वाळूच्या वासाचं. विहिरीच्या पाण्याची चव जिभेवर असताना ते जे लागायचं, त्याला गोड हा एकच शब्द खरा आहे.

म्हणून मला वाटतं की या खोऱ्यातल्या माणसाच्या मनात नदीला जी जागा आहे ती बाहेरच्याला चटकन कळत नाही. चोहीकडे जमिनीखाली भरपूर पाणी, पण ते परकं. आपलं पाणी एकच, वाहतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड बघा. हजारो माणसं रात्री गांधीग्रामला पूर्णेवर जातात, भरण्यांमध्ये, म्हणजे घागरींमध्ये, नदीचं पाणी घेतात आणि अठराएक किलोमीटर अनवाणी चालत अकोल्यातल्या राजराजेश्वराला आणून घालतात. एकेका कावडीला कित्येक भरणे टांगलेले, खांद्यांना वळ उठलेले, ढोल, भंडारा, हर्र बोला महादेवचा गजर. अकोल्यातून मोर्णा वाहते. ग्रामदैवताला पाणी मात्र पूर्णेचंच लागतं. देवाला गोडं पाणी नेऊन द्यायचं, ही कल्पना ज्याच्या घरात माठ वेगळा आणि हौद वेगळा असतो त्याला समजावून सांगावी लागत नाही.

शेगावच्या गजानन महाराजांची वऱ्हाडात घरोघर सांगितली जाणारी कथाही पाण्याचीच आहे. अकोलीच्या शिवारात भर उन्हात महाराजांनी भास्कर पाटलाकडे पाणी मागितलं, त्याने ते नाकारलं आणि मग कोरड्या विहिरीला पाणी फुटलं. आजीने ती सांगताना विहीर भरली एवढ्यावर कधी थांबवली नाही. भरली, आणि पाणी गोड निघालं, यावर तिचा सगळा जोर. दुसऱ्या मुलखात विहिरीला पाणी लागणं हाच चमत्कार ठरला असता.

आणि गाडगेबाबा. त्यांचा जन्म १८७६ चा, शेणगावचा, पण ते वाढले दापुरे या पूर्णाकाठच्या गावात, मामाच्या घरी. गुरं राखली, शेती केली, पुरात पोहण्यात पटाईत. घर सोडल्यावर त्यांनी हात घातला तो पूर्णेवरच्या ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. काठ उंच, मातीचा, निसरडा, बायका-म्हाताऱ्यांना पाण्यापर्यंत उतरता येत नव्हतं. बाबांनी तिथे घाट बांधण्याचं काम उभं केलं, धर्मशाळा उभी केली. त्यांचं झाडू-खराटा-कीर्तन सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण त्यांच्या कामाची सुरुवात नदीत उतरायच्या पायऱ्यांपासून झाली, हे पूर्णेचा काठ पाहिलेल्या माणसाला फार खोल जाऊन भिडतं. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. पेढीचं पाणीही शेवटी पूर्णेतच येतं.

काठ उंच आणि मातीचा म्हटलं, त्यावर थोडं थांबतो. पूर्णेच्या काठावर एकही मोठं शहर नाही. अकोला मोर्णेवर, दर्यापूर चंद्रभागेवर, अचलपूर सापन-बिच्छनच्या बाजूला, बाळापूर मन आणि म्हैस यांच्या संगमावर, जिथे किल्ला आहे आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. इमादशाहीची राजधानी झाली ती अचलपूरला, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात. मोठ्या नदीने शहरं जन्माला घातली नाहीत, तिच्या लेकीबाळींनी घातली. मेळघाटात पाऊस झाला की पूर्णा एका रात्रीत तांबडी-करडी होऊन दोन्ही काठांवर पसरते, काठाची माती धरून ठेवायला खडक नाही, त्यामुळे घळी पडत जातात. शहर वसवायचं तर दगड नाही आणि विहिरीचं पाणी पिता येत नाही. मग काठावर उरतात ती गावं, देवळं आणि घाट.

या खोऱ्याला जुन्या कारभारात नाव होतं. वऱ्हाडचे तीन भाग मानले जात: उत्तरेचा डोंगराळ मेळघाट, मधलं सपाट पयनघाट आणि दक्षिणेचं पठार बालाघाट. बुलढाणा जिल्ह्यात आजही माणूस “तुम्ही घाटाखालचे का घाटावरचे” असंच विचारतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. जिल्ह्याचं ठिकाण मात्र घाटावर. पयनघाट हे नाव सरकारी कागदांतून गेलं आणि त्याबरोबर हा सगळा पट्टा एक आहे ही जाणीवही पुसट झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इंग्रजांच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीवर पडली. लिव्हरपूलच्या बाजारात इथला कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून विकला जायचा. भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे याच खोऱ्यातून गेली, मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी. नकाशावर बघितलं तर ती नदीपासून अंतर राखून, खोऱ्याच्या दक्षिणेच्या कडेने गेलेली दिसते. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या तिथेच उभ्या राहिल्या. पैसा कडेला गेला. ज्यांच्या शेतात कापूस पिकत होता ती मधली गावं चिखलातच राहिली.

त्याच मधल्या गावांनी एकदा मात्र सगळ्या वऱ्हाडाला आपल्याकडे यायला लावलं. १९३० च्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. विदर्भाला समुद्र कुठला? पण अकोट-अकोला रस्त्याजवळच्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरी होत्या. सत्याग्रही तिकडे गेले, विहिरींचं खारं पाणी काढलं, आटवलं आणि मीठ केलं. दहीहांड्याच्या परिसरात खोल विहिरींतून खारं पाणी काढून मीठ करण्याचा धंदा जुनाच होता, इंग्रजी अमलात तो बंद पाडला गेला होता. शाळेत आम्हाला दांडी शिकवली, शिरोडा शिकवलं. दहीहांडा आमच्यापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर, पण ते कोणी शिकवलं नाही. मला ते मोठेपणी कळलं आणि आनंदाइतकाच रागही आला. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या घात केला तेच पाणी हातात घेऊन लोक साम्राज्यासमोर उभे राहिले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवी.

शेतीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे खोरं पूर्ण होत नाही. इथली माती महाराष्ट्रातल्या सर्वांत खोल काळ्या मातींपैकी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आबाजी आपली काठी आत सोडून दाखवायचे, मुठीपर्यंत जायची. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून पडणारं पाणी आत जायला तयार होत नाही. सोडियमचं प्रमाण जास्त असलेल्या या जमिनीला आमच्याकडे चोपण म्हणतात. पाऊस जास्त झाला तर पीक पिवळं पडतं, ओढ दिली तर करपतं. खालचं पाणी उपसून द्यावं तर पहिल्या वर्षी पीक बरं दिसतं आणि पुढच्या काही वर्षांत जमीन दगडासारखी आवळते. माझ्या आजोळच्या शिवारात अशा बोअरवाल्या तुकड्या आहेत, तिथे आता गवतही धड येत नाही.

तर मग लोकांनी काय केलं? त्यांनी जमिनीचा स्वभाव ओळखला. जुनी माणसं खरिपात काही शेतं मोकळीच ठेवायची. पाऊसभर वखराच्या पाळ्या देत राहायचं, तण मारायचं, ओल साठवायची, आणि दसऱ्याच्या सुमाराला त्या ओलीवर हरभरा नाहीतर करडई पेरायची. एक थेंब पाणी न देता. हिवाळ्यातल्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा पिकायचा. त्या हरभऱ्याच्या डाळीची चव बाहेर कुठे मिळत नाही असं आम्ही सगळे म्हणतो आणि ते खरंच आहे. कापूस गावरानी, लांब मुळांचा, ताण सोसणारा, रसशोषक किडींना सहज दाद न देणारा. अकोल्याला १९६९ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं, त्याने एकेए मालिकेतले देशी कपाशीचे वाण दिले. पण बाजार लांब धाग्याच्या मागे गेला, मग बीटी आली, मग सोयाबीन. जमिनीचा स्वभाव बाजाराने विचारला नाही. इथल्या शेतकऱ्याला सरसकट आळशी, कोरडवाहू, मागासलेला म्हणणारे लोक मी खूप ऐकले आहेत. त्यांनी एकदा चोपण जमिनीत पाळी धरून दाखवावी. वाफसा इथे दोन-तीन दिवसच मिळतो. आज ओली म्हणून बैलांचे पाय रुततात आणि परवा ढेकूळ फुटत नाही. एवढ्याशा फटीत ज्याला पेरणी साधते तो शेतकरी लहान नाही.

गेल्या काही वर्षांत थोडं बरं घडतंय. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची ९३२ गावं घेतली गेली. माझ्या आठवणीत जिल्ह्यांच्या रेषा बाजूला ठेवून, खोरं म्हणून आमचा विचार झालेला असा प्रसंग विरळाच. शेततळी झाली. इथे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद लागत नाही, जी चिकणमाती पाणी मुरू देत नाही म्हणून आपण रडत होतो तीच तळ्यात पाणी धरून ठेवते. पावसाचं गोडं पाणी साठवायचं आणि हरभऱ्याला ऐन फुलोऱ्यात एक पाणी तुषारने द्यायचं. एवढ्यानेही उताऱ्यात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. पूर्णेवर घुंगशी, नेरधामणा हे बॅरेज, खाली नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्प. नदीचं पाणी गोड आहे, म्हणून ते अडवण्याला अर्थ आहे. मात्र या मातीत पाट सोडून मोकळं पाणी दिलं तर जमीन दलदल होईल आणि खालचे क्षार वर येतील. पाणी नळीतून आणि मोजून, हे इथे सोयीपुरतं ठेवून चालणार नाही.

प्यायचं पाणी आता नळाने येतं, तेही सातपुड्यातून. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला वान नदीवरचं हनुमान सागर, अंजनगावकडचं शहानूर धरण. त्यांतून खारपाणपट्ट्यातल्या गावांना पाइपलाइनी गेल्या. मामीच्या ओट्याकोपऱ्यातला गुंड आता रिकामा असतो. गावात पाणी येतं, कधी एक दिवसाआड, कधी आठ दिवसांनी, आणि न आलं की पोरं कॅन घेऊन आरओच्या मशीनपाशी रांगेत. मूत्रपिंडाच्या आजाराने खाटेला खिळलेली माणसं या पट्ट्यातल्या गावोगाव आहेत, तरणीताठी माणसं. डायलिसिससाठी अकोला-अमरावतीच्या वाऱ्या करणारी घरं मी जवळून पाहिली आहेत. वेळेवर न आलेल्या टँकरचा हिशेब त्यांच्याइतका कोणी ठेवत नाही.

आणि इथेच माझी दोन घरं समोरासमोर येतात. वानचं पाणी दुसऱ्या तालुक्यांना, शहराला द्यायचा निर्णय झाला की तेल्हारा-अकोटचे शेतकरी रस्त्यावर उतरतात. त्यांचंही चुकत नाही. धरण त्यांच्या सिंचनासाठी म्हणून झालं. संत्र्याच्या पट्ट्यात बोअर खोल खोल चालले आहेत, पाणी दरवर्षी खाली जातंय, आणि गोड्या पट्ट्याच्या कडेची गावं सांगतात की त्यांच्या विहिरींची चव बदलायला लागली आहे. वरून आपण उपसा असाच चालू ठेवला तर खारं पाणी कोणाची हद्द विचारून थांबणार नाही. माझ्या अकोटच्या घरात हे बोललं की चुलतभाऊ गप्प होतात, आजोळी बोललं की मामेभाऊ उसळतो. दोघांच्या शेतांमध्ये तीस-पस्तीस किलोमीटरही नाहीत. पण जिल्हे वेगळे, आमदार वेगळे, पाण्याच्या बैठका वेगळ्या. एकाच जमिनीखालच्या एकाच पाण्याचा हिशेब चार कलेक्टर कचेऱ्यांत चार वह्यांत लिहिला जातो. मला हे सहन होत नाही. गोड्या पट्ट्यात मुरलेला पाऊस, सातपुड्यातली धरणं, मधली शेततळी, नदीवरचे बॅरेज हे सगळं एका टेबलावर मांडून, वरच्या आणि खालच्या दोन्ही गावांच्या माणसांना समोर बसवून ठरवायला हवं. उन्हाळ्यात प्यायला किती, संत्र्याला किती, हरभऱ्याला किती.

दिवाळीत मामेभावाच्या शेततळ्यावर उभे होतो. हरभरा नुकताच उगवून आला होता. माझा चुलतभाऊही सोबत होता. तळ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याने चाखलं, मान हलवली. मामेभाऊ त्याला म्हणाला, “दादा, तुमच्या संत्र्याले बारा महिने पानी पाह्यजे. माह्या हरभऱ्याले एकच पाह्यजे, फुलावर असताना. थे एक तुमी सोडा, मी तुमच्या बांधावर येऊन वरचा नाला अडवून देतो. पन आपल्याले एका ठिकानी बसवते कोन?” चुलतभाऊ म्हणाला, बारी समाजाच्या पानमळ्यांत पूर्वी पाण्याच्या पाळ्या लोकच ठरवायचे, कोणी साहेब लागत नव्हता. मग दोघांनी पाळ्यांचा हिशेब मांडायला घेतला, किती दिवसांनी, किती तास, कुठल्या मोटरवर. अंधार पडेपर्यंत तेच चाललं होतं.